भाड्याच्या घरातील ओल व बुरशी : आधी कारण ओळखा, मगच उपाय करा

भिंतीच्या कोपऱ्यातील काळे-हिरवे ठिपके, कपाट उघडताच येणारा कुबट वास, सकाळी खिडकीच्या काचेवरून ओघळणारे पाणी ही सर्व घरात प्रमाणाबाहेर ओलावा साठत असल्याची लक्षणे आहेत. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सर्वत्र असतात. परंतु ओलावा मिळाल्याशिवाय ते वाढू शकत नाहीत. त्यामुळे केवळ डाग पुसून किंवा त्यावर रंग देऊन बुरशी जात नाही. ओलाव्याचे मूळ दूर करणे हाच खरा उपाय होय.

आरोग्यावर होणारे परिणाम

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ओलसर व बुरशीयुक्त घरांत राहणाऱ्यांमध्ये श्वसनाच्या तक्रारी, ॲलर्जी व दमा अधिक प्रमाणात आढळतात. लहान बालके, वृद्ध, दम्याचे रुग्ण आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्ती यांनी विशेष काळजी घ्यावी. खोकला, शिंका, छातीतील घरघर किंवा डोळ्यांची खाज बाहेरगावी असताना कमी होत असेल व घरी परतल्यावर पुन्हा वाढत असेल, तर ही बाब डॉक्टरांना अवश्य सांगावी.

ओल कोठून येते?

ओल मुख्यतः दोन प्रकारची असते. पहिली बाहेरून किंवा भिंतीतून येते : गच्चीची गळती, भिंतीतील भेगा, फुटलेली जलवाहिनी, वरच्या मजल्यावरील न्हाणीघरातून झिरपणारे पाणी. दुसरी घरातच निर्माण होते : स्वयंपाक, स्नान व वाळत घातलेले कपडे यांची वाफ थंड पृष्ठभागावर पाण्याच्या रूपाने जमते. उत्तर भारतात व डोंगराळ प्रदेशात असे हिवाळ्यात बंद खोल्यांमध्ये घडते. किनारपट्टीवर पावसाळ्यात हवाच दमट असल्याने कपाटामागील भिंती सुकत नाहीत.

फरक ओळखण्यासाठी एक सोपी चाचणी करावी. ओलसर भागाजवळील भिंत पुसून कोरडी करावी व तेथे ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावावा. एक-दोन दिवसांनी फॉइलच्या खोलीकडील बाजूस पाणी दिसल्यास ओलावा घरातील हवेतला आहे. भिंतीकडील बाजूस दिसल्यास तो भिंतीतून येत आहे.

दररोज काय करावे?

• स्वयंपाक करताना भांड्यांवर झाकण ठेवावे. स्वयंपाक व स्नानाच्या वेळी आणि त्यानंतर काही काळ एग्झॉस्ट पंखा चालू ठेवावा किंवा खिडकी उघडावी. आतील खोल्यांकडील दार मात्र लावून घ्यावे.
• कपडे शक्यतो बाल्कनीत वाळवावेत. घरातच वाळवावे लागल्यास एकाच खोलीत, पंखा लावून वाळवावेत.
• पलंग व कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत, म्हणजे मागे हवा खेळती राहील.
• काचेवर व चौकटीवर जमलेले पाणी रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे.
• पाऊस थांबून ऊन पडताच खिडक्या उघडाव्यात, गाद्या-उशांना ऊन द्यावे. भिजलेल्या वस्तू २४ ते ४८ तासांच्या आत वाळवाव्यात.

बंद खोलीत शेगडी, सिगडी किंवा कोळसा पेटवून घर सुकविण्याचा प्रयत्न कदापि करू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूमुळे प्राण जाऊ शकतात.

बुरशी साफ करताना

डाग लहान असल्यास डिटर्जंट व पाण्याने घासून भाग पूर्ण कोरडा करावा. मास्क व रबरी हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कोरडी बुरशी झाडू नये. बीजाणू हवेत उडतात. ब्लीच वापरल्यास ते ॲसिड, अमोनिया किंवा अन्य क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो. दम्याच्या रुग्णांनी व बालकांनी साफसफाईच्या वेळी त्या खोलीत थांबू नये. भिंतीचा मोठा भाग व्यापला असल्यास किंवा गिलावा सुटत असल्यास काम जाणकाराकडे सोपवावे.

घरमालकांशी व्यवहार

घरातील वाफेचे नियोजन भाडेकरूच्या हाती असते. गळती किंवा भेगांची दुरुस्ती बहुधा त्याच्या हाती नसते. २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या आराखड्यात संरचनात्मक दुरुस्ती व आवश्यकतेनुसार नळवाहिन्या बदलणे ही घरमालकाची जबाबदारी मानली आहे, मात्र भाडेकरूमुळे झालेल्या नुकसानीचा त्यास अपवाद आहे. प्रत्यक्ष नियम राज्यागणिक भिन्न असल्याने आपला भाडेकरार तपासावा. ओल दिसताच तारखेसह छायाचित्रे घ्यावीत व घरमालकांना लेखी कळवावे. गळती वरच्या घरातून असल्यास गृहनिर्माण संस्थेसही कळवावे. नवे घर भाड्याने घेताना कपाटांच्या मागे, छताच्या कोपऱ्यांत व न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतींवर ओल आहे का, हे पाहूनच करार करावा. ताज्या रंगाखाली ओल लपलेली असू शकते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला राहिल्यास, दम्याचे पंप वारंवार घ्यावे लागत असल्यास किंवा बालकाच्या छातीत घरघर ऐकू आल्यास नजीकच्या आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. श्वास घेणे कठीण झाल्यास, ओठ निळसर पडल्यास किंवा धाप लागून बोलता येत नसल्यास विलंब न करता ११२ क्रमांकावर संपर्क साधावा.

कोरडे व हवेशीर घर ही श्वसनविकारांच्या उपचारांना लाभणारी मोठी साथ आहे.