३० एक्स घेऊन धाराशिवला

फोनला तीन-तीन डोळे असताना खिशात आणखी एक कॅमेरा कशाला? ट्रॅव्हल झूम घ्यायचा विचार असेल, तर शोरूमच्या एसीत त्याची परीक्षा घेऊ नका. नळदुर्ग, धाराशिवची लेणी, तुळजापूर आणि तेर असा चार विषयांचा पेपर काढा आणि मग बघा, पठ्ठ्या पास होतो का!

पावसाळा जवळ आला, की ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, ‘या वीकेंडला कुठे?’ आणि दुसरा, ‘यार, एखादा छोटा झूमवाला कॅमेरा सुचव ना.’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. लोणावळ्याचं ट्रॅफिक सोडा, सोलापूरकडे वळा आणि धाराशिव जिल्ह्यात दोन दिवस काढा. (२०२३ साली उस्मानाबादचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं, तेव्हा मॅपवर जुनं नाव शोधत बसू नका.) दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तेवढं सोपं नाही. कारण त्यात चाळीस हजारांच्या पुढचा मामला आहे, आणि तेवढ्यात एखाद्याचा महिन्याचा पगार जातो.

हा प्राणी आहे तरी काय?

ट्रॅव्हल झूम म्हणजे जीन्सच्या नाही, पण जॅकेटच्या खिशात मावणारा आणि लेन्स मात्र लांबलचक असणारा कॅमेरा. पॅनासॉनिकने २००६ साली ‘टीझेड १’ आणला तेव्हा १० एक्स झूमचंही केवढं अप्रूप होतं! पुढे फोनने छोट्या कॅमेऱ्यांचा बाजार जवळजवळ गिळून टाकला. ही जात मात्र तगली, कारण फोनच्या पातळ अंगात खरी लांब लेन्स मावतच नाही. ३ एक्स, ५ एक्स, फार तर १० एक्सपर्यंत फोन काचेच्या जोरावर जातो. त्यापुढे बहुतेक वेळा चित्र कापून मोठं करणं चालतं.

आजचा आपला मुख्य परीक्षार्थी आहे त्याच घराण्यातला पॅनासॉनिक ल्युमिक्स टीझेड ९९. २०२५ साली आलेला, ३० एक्स झूमचा, २० मेगापिक्सलचा. काही देशांत तो झेडएस ९९ या नावाने मिळतो आणि अमेरिकेत त्याची सुरुवातीची किंमत ५०० डॉलरच्या घरात होती. सोबतीला कॅननचा एसएक्स ७४० (४० एक्स, २०१८), सोनीचा एचएक्स ९९ (२८ एक्सच्या आसपास, २०१८) आणि श्रीमंत मावसभाऊ सोनी आरएक्स १०० मार्क ७ (२०१९, फक्त ८ एक्स, पण किंमत १२०० डॉलर!).

८ एक्सला दुप्पट-तिप्पट पैसे? हो, आणि त्याचं कारण दुकानात कळत नाही. ते धाराशिवच्या लेण्यांत कळतं.

पेपर पहिला: नळदुर्ग

सोलापूर-हैदराबाद हायवेवरचं नळदुर्ग हे झूमवाल्यांचं माहेर आहे. बोरी नदीवर किल्ल्यातच बांधलेला दगडी बंधारा, त्याच्या पोटात पाणीमहाल आणि पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून कोसळणारे नर आणि मादी असे दोन धबधबे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळातलं, १६१३ सालचं हे बांधकाम. वरून पाणी धो-धो वाहतंय आणि आतल्या दालनात तुम्ही कोरडे! एवढंच बघायला गेलात तरी पेट्रोल वसूल.

आता हिशोब बघा. टीझेड ९९ची लेन्स २४ ते ७२० मिमी. ७२० ला २४ ने भागलं की आले ३० एक्स. याचा अर्थ ‘डोळ्यापेक्षा ३० पट’ असा नाही, तर रुंद टोक आणि लांब टोक यांच्यातलं हे प्रमाण आहे. तुम्ही बुरजापासून १०० मीटरवर आहात असं समजा. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याच्या चौकटीत साधारण १५० मीटर रुंदीचा मुलूख येईल. ५ एक्स टेलिने तो ३० मीटरवर येईल. आणि ३० एक्सने? जेमतेम ५ मीटर. म्हणजे तटबंदी नाही, तटबंदीतली एक खिडकी. त्या खिडकीत बसलेला पोपटसुद्धा. इथे फोनने हात टेकावेत.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उन्हाळ्यात दुपारी बारा वाजता काळा दगड तापला की त्यावरची हवा थरथरते. लांब झूममध्ये ती थरथर स्पष्ट दिसते आणि फोटो पाण्याखालून काढल्यासारखा मऊ येतो. यात कॅमेऱ्याचा दोष नाही आणि महागडी लेन्सही त्यावर इलाज नाही. लांबचे फोटो सकाळी नऊच्या आत उरकायचे. दोन, धबधबा वाहतो तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि झूमला तर उजेड हवा. झूम पूर्ण ताणला की टीझेड ९९ची लेन्स एफ/३.३ वरून एफ/६.४ वर जाते, म्हणजे प्रकाश जवळपास चौथ्या हिश्श्यावर येतो. बुरूज हलत नाही, त्यामुळे स्टॅबिलायझरच्या कृपेने तो निघतो. उडत्या बगळ्यासाठी मात्र शटर वेगवान ठेवावा लागतो, आयएसओ वर जातो आणि फोटोत रवा पडतो.

शिवाय हे कॅमेरे वॉटरप्रूफ नाहीत. झूम करताना लेन्सच्या नळ्या बाहेर येतात आणि आत जाताना ओल आणि धूळ दोन्ही घेऊन जातात. धबधब्याच्या तुषारांत उभं राहून हिरोगिरी नको. झिपची पिशवी दहा रुपयांत मिळते.

पेपर दुसरा: धाराशिवची लेणी

शहराजवळच्या बालाघाटच्या डोंगरात ही लेणी आहेत. बाहेर लख्ख ऊन, व्हरांड्यात सावली आणि गाभाऱ्यात गुडुप अंधार. डोळे सरावायलाच मिनिटभर लागतं, मग कॅमेऱ्याचं काय होत असेल?

इथे झूमचा आकडा शून्य कामाचा. कामाचा आहे सेन्सर, म्हणजे उजेड झेलणारी चिप. टीझेड ९९, एसएक्स ७४० आणि एचएक्स ९९ या तिघांचाही सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा. चिप छोटी ठेवली म्हणूनच एवढी लांब लेन्स खिशात मावली, ही यातली मेख! महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याची लेन्सही एफ/१.८ च्या घरातली. दोन्हींचा गुणाकार केला तर त्याच अंधारात, तेवढ्याच वेळात फोन सुमारे आठपट प्रकाश गोळा करतो. वर पाच-दहा फोटो एकत्र करून धान्य पाखडावं तसा रवा बाजूला काढतो. म्हणजे नवाकोरा कॅमेरा गळ्यात आणि लेण्यातला चांगला फोटो मात्र फोनमध्ये, असा सीन होणार.

आरएक्स १०० मार्क ७चा सेन्सर ११६ चौरस मिलिमीटरचा आणि लेन्स एफ/२.८ पासूनची. टीझेडच्या मानाने पाचपटीहून जास्त प्रकाश. ते जास्तीचे पैसे इथे गेले. झूम मात्र २०० मिमीवर संपतो, त्यामुळे नळदुर्गची ती खिडकी हुकते. दोन्ही हवंय? मग खिसा विसरा आणि पाठीवर बॅग घ्या.

छोट्या सेन्सरवाल्यांसाठी एक जुगाड आहे. झूम अजिबात करू नका. कॅमेरा जमिनीवर किंवा छोट्या ट्रायपॉडवर ठेवा, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. शटर दोन-तीन सेकंद उघडं राहू द्या. मूर्ती हलत नाही, तेव्हा फोटो स्वच्छ येतो. फक्त शिल्पावर कॅमेरा टेकवू नका आणि मूर्तीला पाठ लावून तर अजिबात उभे राहू नका.

पेपर तिसरा: तुळजापूर

शारदीय नवरात्रात तुळजापुरात पाय ठेवायला जागा नसते. पायी येणारे जथे, कवड्यांच्या माळा घातलेले आराधी, हातात परडी, रात्री पेटलेले पोत. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी निम्मी मराठवाडी पोरं या दिवसांत घरच्यांना घेऊन इथे येतात.

सव्वातीनशे ग्रॅमचा कॅमेरा गर्दीत झकास. मोठ्या कॅमेऱ्याचं धूड बघून लोक वाट अडवतात किंवा पोज देतात, याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. स्क्रीन वर उचलता येत असल्याने कमरेजवळून फोटो घेता येतो. पण भर दुपारी? टीझेड ९९ला डोळा लावायचा व्ह्यूफाइंडर नाही. त्याच्या आधीच्या भावंडांना तो होता, या मॉडेलमध्ये काढून टाकला. मराठवाड्याच्या उन्हात स्क्रीनवर तुमचाच घामेजलेला चेहरा दिसतो आणि ३० एक्सवर नेमकं काय चौकटीत आहे ते अंदाजपंचे! एसएक्स ७४०चीही तीच गत. एचएक्स ९९ इथे बाजी मारतो, कारण त्याला बटण दाबलं की वर येणारा व्ह्यूफाइंडर आहे.

आणि एक गोष्ट स्पेसिफिकेशनमध्ये नसते. ३० एक्स झूम हातात आला की रस्त्याच्या पलीकडून कुणाच्याही डोळ्यांतलं पाणी टिपता येतं. देवीसमोर हात जोडलेली ती बाई कुणाची तरी आई आहे. तिने काय मागणं मागितलंय ते तिचं आणि देवीचं. गर्दीचा फोटो खुशाल काढा. एकट्या माणसाचा चेहरा हवा असेल तर झूम आत घ्या, चार पावलं पुढे जा आणि ‘मावशी, फोटो काढू का?’ विचारा. ‘काढ की लेकरा’ म्हणाली तर जो फोटो येईल, त्याच्यापुढे ७२० मिमीचा चोरटा फोटो फिका आहे. ‘नको’ म्हणाली तर विषय संपला. मंदिरातले फोटोचे नियम दारात विचारूनच आत जा.

पेपर चौथा: तेर

तेरणेच्या काठचं तेर म्हणजे प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगाशी व्यापार करणारं हे शहर, पेरिप्लस या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा उल्लेख आहे. संत गोरा कुंभारांचं हे गाव. विटांचं जुनं त्रिविक्रम मंदिर इथे आहे आणि रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचं सरकारी संग्रहालयही. इथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचं इटलीतल्या पॉम्पेईत मिळालेल्या मूर्तीशी असलेलं साम्य अभ्यासकांना अजूनही खुणावतं.

संग्रहालयातल्या वस्तू बोटाएवढ्या आणि काचेआड. फोटोला परवानगी मिळाली तर फ्लॅश बंद, लेन्स काचेच्या जवळ, थोडी तिरकी. इथे दोन्ही बरोबरीत सुटतात. फोन उजेडात सरस, तर कॅमेरा रॉ फाइल देतो, नंतर रंग नीट करता येतात. एसएक्स ७४० रॉ देत नाही, हे घेण्याआधी माहीत असलेलं बरं. त्याचं चार्जिंगही जुन्या मायक्रो यूएसबीवर अडकलेलं. टीझेड ९९ला टाइप-सी आहे, म्हणजे फोनच्या केबलवर काम भागतं.

निकाल काय?

नळदुर्ग: टीझेड ९९ला १० पैकी ९.
लेणी: ४, तेही ट्रायपॉड नेला तर.
तुळजापूर: ६. व्ह्यूफाइंडर असता तर ८.
तेर: ६.

म्हणजे सेकंड क्लास का? नाही. याचा अर्थ हा कॅमेरा फोनची जागा घेत नाही, फोन जिथे थकतो तिथून पुढे चालतो. फोन आणि ३० एक्स ही जोडगोळी घेऊन गेलात तर चारही पेपर सुटतात. नुसता कॅमेरा नेलात तर लेण्यांत वैताग, नुसता फोन नेलात तर नळदुर्गात हळहळ.

तुम्हाला तो हवाय का, हे तपासायची परीक्षा मात्र फुकट आहे. मागच्या तीन ट्रिपचे फोटो उघडा. फोन ताणून काढलेले, चिखल झालेले किती आहेत ते मोजा. वीस-पंचवीस निघाले तर छोट्या सेन्सरचा लांब झूम घ्या. बहुतेक खराब फोटो संध्याकाळचे, घरातले, देवळातले असतील तर ३० एक्स तुमच्या काही कामाचा नाही, पैसे साठवून मोठ्या सेन्सरचा बघा. आणि दोन्ही प्रकारचे चार-चारच निघाले तर? कॅमेरा विसरा, त्या पैशांत आईबाबांना घेऊन दोनदा तुळजापूर करा.

सेकंड हँड घेताना

- लेन्स पूर्ण बाहेर काढा आणि आत घ्या. करकर आवाज आला तर तिथूनच नमस्कार.
- झूम ताणून आकाशाचा फोटो काढा. करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरपर्यंत गेली आहे, आणि ती घरी पुसता येत नाही.
- बाहेरून आणलेला पीस असेल तर भारतात वॉरंटी चालते का, हे बिलावर बघा, दुकानदाराच्या तोंडावर नाही.
- ‘६० एक्स’, ‘१२० एक्स’ असे स्टिकर दिसले तर एकच प्रश्न विचारा: ऑप्टिकल किती?