पस्तिशीच्या उंबरठ्यावरची मॉर्निंग ड्यूटी

पहाटे ५. पाणी, दोन डबे, सासूबाईंची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी. यात सांगण्यासारखं काही नाही, घरोघरी हेच चाललेलं असतं. इस्त्रीचा युनिफॉर्म आता माझा असतो, एवढाच फरक.

सकाळी ८. आमचं ग्रामीण रुग्णालय ३० खाटांचं. नाईटच्या सिस्टर एकेका खाटेपाशी थांबून ओव्हर देतात. चार नंबर, रात्री नॉर्मल डिलिव्हरी, ब्लीडिंग बेताचं, बाळ दूध ओढतंय. सहा नंबर, सातवा महिना, हिमोग्लोबिन ७.८, आज आयर्न सुक्रोज. मी लिहून घेते आणि शंका असली तर तिथल्या तिथे विचारते. ओव्हर देणारी मुलगी विशीतली आहे, इन्चार्ज मॅडमही माझ्याहून बऱ्याच लहान. त्या मला ताई म्हणतात, मी त्यांना मॅडम म्हणते. वयानं थोरली आणि नोकरीत धाकटी, हे जड जाईल असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. तसं झालं नाही. ओव्हरच्या वेळी पेशंटला शेवटचं जिनं पाहिलं, तिचा शब्द मोठा असतो.

याआधी मी गावात आशा सेविका होते. गरोदर बायकांची नोंद करायची, गोळ्या पोचवायच्या, कळा सुरू झाल्या की गाडी बोलावून इथे आणायचं. मग लेबर रूमचं दार आतून बंद व्हायचं आणि मी बाहेरच्या बाकावर. जिला सात-आठ महिने सांभाळलं, तिच्या सगळ्यात कठीण घटकेला आपण भिंतीच्या अलीकडे, हे मला सोसेना. जीएनएम नर्सिंगला प्रवेश घेतला तेव्हा मी ३४ वर्षांची होते. वरची मर्यादा ३५. तीन वर्षांचा कोर्स, पुस्तकं सगळी इंग्रजी, शेजारी बसणाऱ्या मुली नुकत्याच बारावी झालेल्या. त्या मला शब्दांचे उच्चार सांगायच्या, मी त्यांना घाबरलेल्या पेशंटशी बोलायचं कसं ते सांगायचे.

सकाळी ९. ताप, नाडी, श्वास, बीपी, इंजेक्शनं. अँप्यूलवरची अक्षरं मुंगीएवढी, म्हणून चाळिशीचा चष्मा गळ्यातच असतो. नाव तीनदा वाचायचं: कपाटातून काढताना, सिरिंजमध्ये भरताना, रिकामी अँप्यूल टाकण्याआधी. घाई कितीही असो, तिन्ही वेळा.

साडेदहा. सहा नंबर. ऊसतोडीवरून आलेली, हातांना घट्टे, शिरा बारीक. "ताई, दोनदा टोचू नका," ती आधीच सांगते. टूर्निके बांधते, मूठ वळायला लावते. अशा हाताची शीर बोटाखालून सटकते, म्हणून डाव्या अंगठ्यानं कातडी खाली ताणून धरायची, सुईचं तोंड वर ठेवायचं आणि कोन अगदी कमी. मागच्या बाजूला रक्त दिसलं की सुई जागेवर ठेवून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायची. आधी साधं सलाईन सोडून पाहते, सूज येत नाही ना. आयर्न शिरेबाहेर गेलं तर कातडीवर तपकिरी डाग पडतो आणि महिनोन्‌महिने जात नाही. मग दोन अँप्यूल १०० मिलि सलाईनमध्ये, सुरुवातीला अगदी हळू. दम लागतोय का, अंगाला खाज येतेय का, विचारत मी तिथेच बसते.

बसल्या बसल्या विचारते, "लोहाच्या गोळ्या पेटीतच आहेत ना?" ती हसते. गोळीनं शी काळी होते, पोटात ढवळतं, म्हणून बंद केल्या. शी काळी होण्यात वाईट काही नाही, गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची, हे मी तिला तिच्याच बोलीत सांगते. पेटीचा तो प्रश्न मला कॉलेजानं शिकवलेला नाही. दारोदार फिरताना न घेतलेल्या गोळ्यांच्या अशा कितीतरी पेट्या पाहिल्यात.

पावणेबारा. लेबर रूममधून हाक येते. दुसरं बाळंतपण आहे, वेळ मिळणार नाही. बाळ रडतं, पुसून आईच्या पोटावर. पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री, आणि एका मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिन, १० युनिट. नाळेचे ठोके थांबल्यावर क्लॅम्प. वार पूर्ण आली का, उलटून पालटून बघायचं. मग हात पोटावर. गर्भाशय चेंडूसारखं टणक लागलं पाहिजे. मऊ लागलं तर चोळायचं आणि डॉक्टरांना हाक मारायची. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी हेच. बाळंतिणी सर्वांत जास्त दगावतात त्या रक्तस्रावानं, आणि तो पुष्कळदा सगळं सुरळीत झालंय असं वाटत असतानाच सुरू होतो.

बाळंतिणीची आशाताई सुरुवातीला दाराबाहेर उभी होती. डॉक्टरांना विचारून मी तिला आधीच आत घेतलं होतं, उशाशी स्टूल दिलं होतं. कळांच्या वेळी बाईला ओळखीचा हात लागतो.

दुपारी २. ओव्हर, रजिस्टरं. निघायला पावणेतीन होतात.

साडेतीन. पाय उशीवर. पोटऱ्यांच्या शिरा फुगतात, आणि नाईट झाली की दोन दिवस अंग ताळ्यावर येत नाही. विशीतल्या मुलींचं एका झोपेत भागतं. हे खरं आहे आणि उशिरा येणारीनं ते जाणूनच यावं. पण म्हणून पस्तिशीला दार लावायचं, हे मला पटत नाही. मुलं हाताशी येतात, तेव्हा कुठे बाईचा वेळ तिचा होतो, आणि नेमका तेव्हा फॉर्म बंद. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं. तिथल्या बायका ससूनमध्ये नर्सिंग शिकायला गेल्या, त्यांत विधवा होत्या, लोकांची बोलणी त्यांनी सोसली. त्यांच्यासाठी जे दार उघडलं गेलं, ते आपण वयाच्या रकान्यात अडवतो. पुढे सरकारी भरतीतही वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८, मागासवर्गीयांना ४३. मी अजून कंत्राटीच आहे.

संध्याकाळी ६. मागच्या गल्लीतली एक जण येते. वय ३४, शिवणकाम करते, बारावी आर्ट्सची. सायन्स नाही म्हणून तिनं आशाच सोडली होती. मी तिला सांगते, शाखा कुठलीही चालते, बारावीला इंग्रजी हवं आणि ४० टक्के हवेत. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, सगळं आजच शोधून ठेव, पुढच्या वर्षी वयात बसशील याची खात्री नाही. "घरचे काय म्हणतील?" ती विचारते. तिच्या सासूबाईंशी मी बोलणार आहे. उद्या मला इव्हिनिंग आहे, त्यामुळे सकाळी अकराला आम्ही दोघी कॉलेजात जाऊन येऊ.