प्रस्थानापूर्वी

लांबच्या प्रवासास निघतानाची आपल्या घरातील लगबग आठवून पाहा. दशम्या, लोणचे, पाण्याच्या बाटल्या, आहेराची पिशवी, शेजारी ठेवावयाची किल्ली. यांतले सहसा काही विसरले जात नाही. नव्या गाडीपुढे नारळही फुटतो. परंतु जो मनुष्य गाडी हाकणार, तो आदल्या रात्री किती तास झोपला, हे मात्र त्याला कोणी विचारीत नाही.

इंदूरहून नाशिकला लग्नास निघालेले एखादे कुटुंब घ्या. अंतर सुमारे ४०० किलोमीटर. चालक दिवसभर कचेरीत राबलेला. तरी 'रात्री रस्ता मोकळा मिळतो' म्हणून रात्री नऊला प्रस्थान ठरते. रस्ता मोकळा मिळेलही. पण मध्यरात्रीनंतर, विशेषतः २ ते ६ या वेळात, शरीर झोपेची मागणी करू लागते आणि तिच्यापुढे निर्धार फार काळ टिकत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. तीन सेकंद डोळा लागला, तर ६६ मीटरपर्यंत ती कोणाच्याच स्वाधीन नसते. आणि वाटेत सेंधव्याजवळचा बिजासन घाट व अवजड मालमोटारी आहेतच.

तेव्हा रात्री नऊऐवजी पुरती झोप घेऊन पहाटे निघावे. दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत. झापड येऊ लागल्यास खिडकी उघडणे वा गाणी लावणे हे उपाय मनाच्या समाधानापुरतेच. गाडी सुरक्षित जागी उभी करून कॉफी घ्यावी आणि वीस मिनिटे डोळे मिटावेत. कॉफीचा गुण येण्यास साधारण तितकाच अवधी लागतो. सर्दीवरील पुष्कळ गोळ्यांनी गुंगी येते, हेही निघण्यापूर्वी ध्यानी घ्यावे.

आता गाडीकडे वळू. टायरमधील हवा टायर थंड असतानाच मोजावी. धावल्यानंतर आकडा फसवा येतो. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर छापलेला असतो, आणि भरलेल्या गाडीसाठी तेथे पुष्कळदा वेगळा, अधिक आकडा दिलेला असतो. तो पाहण्याचे कष्ट फारच थोडे लोक घेतात. टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झाली, की ते बदलावयास हवे. टायरच्या कडेवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते: '२३२१' म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. स्टेपनीही तपासा, हवा नसलेली स्टेपनी हे निव्वळ ओझे होय. इंजिनचे तेल, ब्रेकचे तेल, दिवे आणि वायपर यांस पाच मिनिटे पुरतात. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन गरम असताना कदापि उघडू नये.

शेवटी बैठकीची व्यवस्था. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा लावलेला नव्हता, आणि या १६,७१५ जणांत जवळजवळ निम्मे चालक नव्हेत, प्रवासी होते. मागच्या आसनावरील पट्टा कायद्यानेही आवश्यक आहे. आजीला तो काचतो, ही सबब ऐकू नये. पुढे मांडीवर मूल घेऊन बसणे आपल्याकडे मायेचे लक्षण समजले जाते. आघाताच्या क्षणी मात्र कोणाही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत. मागच्या काचेजवळ ठेवलेला पितळी डबादेखील अशा वेळी पुढच्यांच्या डोक्यावर येऊन आदळतो. तो खाली, पायांशी ठेवावा.

आणि नाशिकला दूरध्वनी करताना 'जेवायला पोहोचतो' असे सांगू नका. तिकडे पाने मांडली गेली, की इकडे गाडीचा वेग वाढतो. 'संध्याकाळपर्यंत येऊ, वाट पाहू नका,' एवढेच कळवा.