साठ उत्तरपत्रिका आणि विश्वातले अणू

वर्गात 60 मुलं. चाचणी संपते, उत्तरपत्रिका हाताला लागतील तशा गोळा होतात आणि तपासण्याआधी बाई त्या हजेरी क्रमांकाने लावायला बसतात. पंधरा-वीस मिनिटांत गठ्ठा तयार होतो. शाळाशाळांतून हे रोज घडतं आणि त्यात काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नाही. पण त्या पंधरा-वीस मिनिटांत बाईंनी किती अफाट शक्यतांमधून एक नेमकी शक्यता शोधून काढली, हे एकदा मांडून पाहावं.

60 पत्रिका एकावर एक किती प्रकारे रचता येतील? सगळ्यात वर 60 पैकी कुठलीही, तिच्याखाली उरलेल्या 59 पैकी कुठलीही, मग 58, मग 57. असा गुणाकार करत 1 पर्यंत आलं, की उत्तर साधारण 83 वर 80 शून्यं इतकं येतं. दुर्बिणींच्या आवाक्यातल्या साऱ्या विश्वात मिळून अणू किती, याचा ढोबळ अंदाज 1 वर 80 शून्यं असा सांगतात. म्हणजे एका वर्गाचा गठ्ठा जितक्या प्रकारे लागू शकतो, तितके अणू विश्वातसुद्धा नाहीत.

समजा, एकेक रचना तपासूनच बरोबर क्रम शोधायचा ठरवला. पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांना कामाला लावलं, प्रत्येकाने सेकंदाला 100 कोटी रचना तपासल्या, आणि विश्व जन्मल्यापासून आजवर, म्हणजे 1,380 कोटी वर्षं, कुणीही हात थांबवला नाही. तरी झालेलं काम एकूण कामाच्या किती? दशांशचिन्हापुढे 45 शून्यं लिहून मग 4 लिहावा, इतकं.

बाईंना हे जमतं, कारण त्या रचना तपासतच नाहीत. दोन पत्रिका हातात घेतात आणि विचारतात : यातली आधीची कुठली? पहिल्याच उत्तरासरशी निम्म्या रचना बाद होतात. अणूंहून जास्त असलेल्या शक्यतांपैकी अर्ध्या, एका नजरेत. आणखी एक नेमका प्रश्न, उरलेल्यांतल्या साधारण निम्म्या बाद. दुपटीची ताकद आपल्याला ऐकून ठाऊक असते, पण तीच उलटी चालवली की केवढा डोंगर सपाट करते, ते इथे दिसतं.

मग किती प्रश्न लागतील? 1 पासून सुरू करून 273 वेळा दुप्पट केलं की तो अवाढव्य आकडा ओलांडला जातो, 272 वेळांत ओलांडला जात नाही. त्यामुळे 'आधी की नंतर' एवढंच विचारायचं ठरवलं, तर कितीही हुशार पद्धत काढली तरी 272 प्रश्नांत काम होईलच अशी हमी देता येत नाही. ही गणिताने घातलेली मर्यादा आहे, कुठल्याही यंत्राला ती लागू आहे.

आणि माणसाची पद्धत या मर्यादेच्या किती जवळ पोचते पाहा. गठ्ठ्याचे लहान लहान भाग करायचे, ते लावून घ्यायचे आणि मग लावलेले दोन-दोन भाग एकत्र करायचे. एकत्र करताना दोन्ही भागांतली फक्त वरची पत्रिका पाहायची, जिचा क्रमांक लहान ती उचलायची. संगणकासाठी ही रीत जॉन फॉन नॉयमन यांनी 1945 साली लिहिली. तिने 60 पत्रिकांना जास्तीत जास्त 297 प्रश्न लागतात. मर्यादा 273, पद्धत 297. मधलं हे 24 चं अंतर मला फार सुंदर वाटतं. ठरलेल्या पायऱ्यांच्या अशा रीतीला संगणकवाले अल्गोरिदम म्हणतात.

उलट, आधी सगळ्यात लहान क्रमांक शोधायचा, मग उरलेल्यांतला सगळ्यात लहान, असं करत गेलं तर 1,770 प्रश्न पडतात. साठांच्या वर्गात हा फरक निभावून जातो. पण 60 च्या जागी 100 कोटी नोंदी असतील आणि यंत्र सेकंदाला एक कोटी तुलना करत असेल, तर भाग पाडून जुळवण्याची रीत 50 मिनिटांच्या आत काम संपवते. एकेक लहान शोधण्याच्या रीतीला सुमारे 1,585 वर्षं लागतात. विदर्भात वाकाटकांचं राज्य असताना सुरू केलेलं काम आत्ता कुठे हातावेगळं झालं असतं. यंत्र तेच, नोंदी त्याच.

बाईंकडे आणखी एक युक्ती असते. 1 ते 10 एका ठिकाणी, 11 ते 20 दुसऱ्या, असे सहा ढीग घालायचे आणि मग एकेक ढीग लावायचा, त्यातही क्रमांक पाहून पत्रिका थेट तिच्या जागी ठेवायची. दोन खेपांत 120 वेळा पत्रिका ठेवली की गठ्ठा तयार, पत्रिकेशी पत्रिका ताडून पाहायचीच नाही. 273 ची मर्यादा इथे आड येत नाही, कारण आकडा वाचताना 'हो की नाही' याहून कितीतरी जास्त कळतं. देशाचं टपाल याच तत्त्वावर लागतं. एकाच नावाची अनेक गावं आणि नाना लिप्यांतले पत्ते यांतून वाट काढायला 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड आला. त्यामागचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी. पहिला आकडा 4 दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगढच्या कप्प्यात, 411 दिसलं की पुण्याच्या, आणि शेवटचे तीन आकडे पोस्ट ऑफिस सांगतात. पत्रं एक कोटी असोत की दहा कोटी, एकेका पत्राचे पाहायचे आकडे सहाच.

आता अशी लावलेली 60 पत्रं घेऊन पोस्टमन निघतो. घरं 60, आणि सगळ्यात कमी चालून सगळीकडे जायचं आहे. घरं घेण्याचे क्रम तेवढेच : 83 वर 80 शून्यं. पण इथे निम्म्याने शक्यता पुसणारा प्रश्नच सापडत नाही. दोन पत्रिकांतली आधीची कुठली, हे बाकीच्या 58 पत्रिकांना विचारावं लागत नाही. जोशींचं घर आधी की शेखांचं, हे मात्र उरलेली 58 घरं कुठे आहेत त्यावर ठरतं.

सर्वांत छोटी फेरी हमखास देणारी एक नामांकित पद्धत 1962 साली निघाली. सेकंदाला 100 कोटी पायऱ्या चालणाऱ्या यंत्रालाही तिने 60 घरांसाठी एक लाख तीस हजार वर्षं लागतील, आणि एक घर वाढलं की त्याच्या दुपटीहून जास्त. नेमक्या एखाद्या नकाशापुरती वाट काढता येते. डँत्झिग, फुल्करसन आणि जॉन्सन यांनी 1954 साली अमेरिकेतल्या 49 शहरांची सर्वांत छोटी फेरी सिद्ध करून दाखवली. 2006 पर्यंत 85,900 ठिकाणांचा एक नकाशाही सुटला. मात्र कुठलाही नकाशा समोर आला तरी लवकर आणि खात्रीने उत्तर देईल अशी पद्धत आजवर कुणाला सापडलेली नाही, आणि ती असूच शकत नाही हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. या प्रश्नाचा निकाल लावणाऱ्यासाठी क्ले मॅथेमॅटिक्स इन्स्टिट्यूटने 2000 साली दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. ते अजून तसंच पडून आहे.