बायबलमधील वचनक्रमांकांची भिन्नता व संगणकीय अभ्यासप्रणाली

प्रस्तावना :
ग्रंथातील वचन उद्धृत करताना आपण अध्याय व वचन यांचे क्रमांक देतो आणि तेवढ्याने वाचक नेमक्या स्थळी पोहोचेल असे गृहीत धरतो. बायबलच्या बाबतीत हे गृहीतक सर्वत्र टिकत नाही. एकाच वचनाचा क्रमांक परंपरेनुसार बदलतो. अनेक भाषांतरे शेजारी शेजारी दाखविणाऱ्या संगणकप्रणालीत ही बाब विशेष गंभीर ठरते. क्रमांक चुकला तरी प्रणाली कोणतीही सूचना देत नाही. ती दुसरेच वचन तितक्याच निःशंकपणे समोर ठेवते. ही अडचण कशी उद्भवते व ती कशी हाताळता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भिन्नतेची कारणे :
आजचे क्रमांक मूळ लेखकांनी दिलेले नाहीत. अध्यायविभागणीचे श्रेय सामान्यतः तेराव्या शतकातील स्टीफन लँग्टन यांना दिले जाते. नव्या करारातील प्रचलित वचनक्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाच्या १५५१ च्या ग्रीक आवृत्तीपासून रूढ झाले. निरनिराळ्या परंपरांनी ही विभागणी आपापल्या पद्धतीने स्वीकारल्याने भेद निर्माण झाले. त्यांचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

१) अध्यायांच्या सीमा : हिब्रू बायबलमध्ये योएलचे ४ अध्याय आहेत, तर इंग्रजी परंपरेत ३. मलाखीच्या बाबतीत याच्या उलट, हिब्रूत ३ व इंग्रजीत ४ अध्याय आहेत.

२) स्तोत्रांची जोडणी व विभागणी : हिब्रूतील ९ व १० ही स्तोत्रे ग्रीक सेप्टुअजिंट व लॅटिन व्हल्गेट यांत एकच आहेत. त्यामुळे परमेश्वराला मेंढपाळ मानणारे प्रसिद्ध २३ वे स्तोत्र तेथे २२ वे होते. रशियन सिनोडल बायबलही हाच क्रम पाळते.

३) शीर्षकांची गणना : ५१ व्या स्तोत्राचे शीर्षक हिब्रूत पहिली दोन वचने व्यापते; इंग्रजीत त्याला क्रमांक नाही. त्यामुळे शुद्ध हृदयाची याचना करणारे वचन इंग्रजीत ५१:१०, हिब्रूत ५१:१२ आणि व्हल्गेटमध्ये ५०:१२ असे आढळते.

४) पाठभेद : प्रेषितांची कृत्ये ८:३७ हे वचन अनेक आधुनिक भाषांतरांच्या मुख्य पाठात नाही, परंतु पुढील क्रमांक बदललेले नाहीत. येथे भेद क्रमांकाचा नसून पाठाचा आहे. प्रणालीने ही जागा रिकामीच ठेवावी; पुढील वचने वर सरकवू नयेत.

संगणकीय हाताळणी :
‘स्तोत्राच्या क्रमांकातून एक वजा करावा’ असा सोपा नियम येथे पुरत नाही. हिब्रूतील ११४ व ११५ ही स्तोत्रे ग्रीकमध्ये एकत्र येतात, ११६ व १४७ यांचे प्रत्येकी दोन भाग होतात आणि १४८ पासून क्रमांक पुन्हा जुळतात. योहानाच्या तिसऱ्या पत्राचे शेवटचे, १४ वे वचन काही आवृत्त्यांत १४ व १५ असे विभागलेले आहे. म्हणजे एका वचनास दोन वचने जुळविण्याची सोयही आवश्यक ठरते.

क्रॉसवायर संस्थेच्या ‘स्वोर्ड’ प्रणालीत प्रारंभी सर्व ग्रंथ किंग जेम्स भाषांतराच्या चौकटीत बसवावे लागत. २००९ मधील १.६ या आवृत्तीपासून तीत अन्य क्रमांकपद्धतींची सोय झाली. भाषांतरकारांसाठी असलेल्या ‘पॅराटेक्स्ट’मध्ये प्रत्येक प्रकल्पासाठी क्रमांकपद्धती निवडावी लागते. प्रत्येक पद्धतीची वचनसंख्या व मूळ पद्धतीशी तिची जुळणी स्वतंत्र धारिकेत नोंदलेली असते. एखाद्या भाषांतरापुरते अपवाद वेगळे नोंदविता येतात. सर्व पद्धती एका मध्यवर्ती पद्धतीशी जोडल्याने प्रत्येक जोडीसाठी निराळे कोष्टक करावे लागत नाही.

तथापि कोष्टक तयार करणे हे केवळ यांत्रिक काम नव्हे. कोणत्या शब्दापाशी वचन तुटते, हे प्रत्यक्ष पाठ वाचूनच ठरवावे लागते. तसेच अभ्यासकाच्या टिपा व संदर्भ साठविताना क्रमांकासोबत पद्धतीचे नावही साठविले पाहिजे. अन्यथा भाषांतर बदलताच जुनी टीप भलत्याच वचनास चिकटते.

निष्कर्ष :
वचनक्रमांक ही वचनाची ओळख नसून विशिष्ट परंपरेतील त्याचा पत्ता आहे. हे तत्त्व बायबलपुरते मर्यादित नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायाच्या आरंभी अर्जुनाचा प्रश्न असलेला श्लोक काही प्रतींत आढळतो, काहींत नाही. त्यामुळे त्या अध्यायातील पुढील सर्व क्रमांक एकाने सरकतात. तुकारामांच्या गाथेच्या निरनिराळ्या आवृत्त्यांतही अभंगांचे क्रमांक जुळत नाहीत. अशा ग्रंथांची संगणकीय रूपे सिद्ध करताना आवृत्तीचा निर्देश प्रत्येक क्रमांकाशी प्रथमपासूनच जोडणे अगत्याचे आहे. संदर्भ देणाऱ्या अध्यापकानेही क्रमांकासोबत आवृत्ती नमूद केल्यास पुढील अभ्यासकास तो पडताळून पाहता येईल.