पाणी उतरलं की बरं वाटतं

सकाळी ८.३०
जामसंड्यातल्या दुकानाचं शटर वर करतोय तोवर लग्नाचे व्हिडिओ करणारा मुलगा दारात. "दादा, ह्येच्यातून उकळल्यासारखो आवाज येता. उद्या व्हिडिओ देऊचो आसा. सांजेपर्यंत गावात मा?" उद्या सकाळी देतो म्हटलं. तो हिरमुसला, पण हे काम रात्र मागतं.

९.१५
पाण्याने थंड होणारा हा कॉम्प्युटर मुंबईहून रात्रीच्या बसच्या डिकीत आडवा पडून आला होता. वर्षभरात नळ्यांमधून थोडं थोडं पाणी उडून जातंच. टाकीत जागा रिकामी झाली आणि आडव्या प्रवासात तिथली हवा पंपात शिरली. दोन मिनिटं चालवून पाहिला तर सीपीयू ९५ अंशांवर. लगेच बंद केला. पंपाच्या बेअरिंगला वंगण म्हणून तेच पाणी असतं. कोरडा फिरला की पंप गेला.

१०.००
मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांची वीज काढली. फक्त पंपाची ठेवली. मागचं बटण बंद ठेवून एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमधली १६वी पिन शेजारच्या १७वीला तारेने जोडली. पूर्वी हिरवी आणि काळी वायर बघून जमायचं. आता सगळ्याच वायरी काळ्या, पिना मोजाव्या लागतात. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवला. आता कुठे गळलं तर कागद भिजेल, बोर्ड जळणार नाही.

१०.३०
टाकीचं झाकण उघडं. डिस्टिल्ड वॉटर आणि गंज-शेवाळ रोखणारं औषध. विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी नको. सीपीयूवरच्या ब्लॉकमधल्या केसाएवढ्या फटींत क्षार बसतात. पंप पाच सेकंद चालू, बंद, पाणी ओत, पुन्हा पाच सेकंद. टाकीचा तळ कधी उघडा पडू द्यायचा नाही.

११.४५
कॅबिनेट पुढे कलता केला, मग मागे, मग कुशीवर. रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यात हवा दडते. टाकीकडे जाणारं तोंड त्या कोपऱ्यापेक्षा वर आलं की भला मोठा बुडबुडा 'गडब' करून बाहेर पडतो. चार वेळा तसं झालं.

देवगड बंदरात होड्यांची इंजिनं बघणारे काका प्रिंटआउट घ्यायला आले होते. ते उभे राहून बघत राहिले. डिझेलच्या लाइनीत एअर धरली की तेही फिल्टरचा स्क्रू सैल करून आधी फेस जाऊ देतात, स्वच्छ डिझेल आलं की आवळतात. म्हणाले, "तिका वाट दी, आपसूक वर येतली." यंत्रं वेगळी, पण मला शिकवायला याहून बरं वाक्य कुणी दिलेलं नाही.

दुपारी २.४०
लाइट गेली. वैतागणार होतो, तेवढ्यात पंप थांबल्यावरच्या शांततेत नळीतून बारीक बुडबुड्यांची माळ वर चढताना दिसली. वाहतं पाणी त्यांना धरून ठेवत होतं. मग लाइट आल्यावरही दहा मिनिटं चालू, पाच मिनिटं बंद, असंच ठेवलं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारपटींहून जास्त उष्णता वाहून नेतं. ब्लॉकमध्ये हवेचा पापुद्रा राहिला की ती सगळी कमाई गेली. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्मा' या महासंगणकातही प्रोसेसरची उष्णता थेट द्रवानेच काढतात.

५.३०
मुलगा परत आला. टाकीवर दुपारी मार्करने आखलेल्या रेघेच्या खाली पाणी गेलेलं बघून घाबरला. "गळता काय रे दादा?" त्याला टिश्यू चाचपायला लावले. सगळे कोरडे. मग पाणी गेलं कुठे? जिथून हवा निघाली तिथे. कागद कोरडे असताना पातळी उतरते, तेव्हाच मला बरं वाटतं. त्याला हे पटायला वेळ लागला, मी दिला.

रात्री ८.४५
पंपाचा वेग पूर्ण केला, मग कमी, मग पूर्ण. उकळण्याचा आवाज नाही. पाण्यातला दुधाळपणा मात्र थोडा आहे. ते सूक्ष्म बुडबुडे ढकलून जात नाहीत. रेघेपर्यंत पाणी भरलं, झाकण सैल ठेवलं, नवे टिश्यू घातले. पंप इन्व्हर्टरवर टाकून शटर ओढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ७.००
कागद कोरडे. पाणी काचेसारखं नितळ, रेघेखाली दोन मिलिमीटर. तेवढं भरलं आणि झाकण आवळलं.