जुन्या गाडीची नवी स्प्रिंग

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट १९७४मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या टॅक्सी-ताफ्यातून तिनं ऑक्टोबर २०२३मध्ये निरोप घेतला. तरी हौशी मंडळींनी काही गाड्या जिवापाड जपल्या आहेत. त्यातल्या काहींना ती जमिनीलगत बसलेली आवडते. दिसायला ती डौलदार दिसते, वळणावर कमी कलते. पण तिच्यासाठी स्प्रिंग कोणती घ्यायची?

पद्मिनीच्या पुढच्या चाकांना वेढ्यांची स्प्रिंग असते, मागे कमानपाटे. स्प्रिंगनं वजन पेलायचं आणि खड्ड्याबरोबर चाकाला खाली-वर होऊ द्यायचं. चाक रस्त्याला धरून राहिलं तरच ब्रेक लागतो, स्टिअरिंग ऐकतं. गाडी खाली बसवली की चाकाला वर यायला जागा कमी उरते. म्हणून तोच धक्का थोडक्या जागेत थोपवणारी, जरा कडक स्प्रिंग लागते.

गॅरेजमधला झटपट उपाय म्हणजे स्प्रिंगचा वेढा कापणं. कामाच्या आठ वेढ्यांतला एक कापला, तर ती सुमारे १४ टक्के कडक होते. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसेलच असं नाही. गॅसच्या ज्योतीवर तापवून ती दाबणं त्याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि स्प्रिंग हळूहळू बसत जाते किंवा तुटते.

आता थोडा हिशेब करू. समजा, एका स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे आणि ती दर सेंटिमीटरला ३० किलो पेलते. म्हणजे ती १० सेंटिमीटर दबते. मोकळी लांबी ३० असेल, तर भाराखाली २० उरते. ती १७वर आणायची आहे. दर सेंटिमीटरला ४० किलो पेलणारी स्प्रिंग साडेसात सेंटिमीटर दबेल. म्हणून तिची मोकळी लांबी साडेचोवीस हवी. कडकपणा तारेच्या जाडीवर फार अवलंबून असतो. तार १० टक्के जाड घेतली, तर कडकपणा सुमारे ४६ टक्के वाढतो. शिवाय ही स्प्रिंग चाकापासून आत, दांडीवर बसते. त्यामुळे ती जितकी आखूड होते, त्याहून गाडी अधिक खाली येते.

स्प्रिंग बसवल्यावर गाडी जॅकवर उचलून पाहा. चाक लोंबत असताना स्प्रिंग बैठकीत सैल होता कामा नये. नाहीतर उंच गतिरोधकावर ती निसटू शकते. मग पाच माणसं बसवून पाहा : रबरी ठोकळ्यापर्यंत पुरेशी जागा उरते का, टायर कुठं घासतो का? शॉकॲब्सॉर्बरही नव्या कडकपणाला साजेसा हवा, नाहीतर गाडी उड्या मारत राहते. मागचे पाटेही त्याच बेतानं बसवायला हवेत.

वणीहून राजूरला येणाऱ्या रस्त्यासारख्या, कोळशाच्या ट्रकांच्या वाटेवर गाडी न्यायची असेल, तर ती फार खाली नकोच. कायदाही पाहावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या कलम ५२नुसार कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये तेच स्पष्ट केलं. तेव्हा आधी आरटीओत विचारावं, आणि मूळ स्प्रिंगा पुसून, तेल लावून जपून ठेवाव्यात.